ऊन बाधलं, जुलाब लागले, ताप आला : या चुका टाळा

होळी सरली की चिकोडी, निपाणी, अथणीकडं ऊन चटकायला लागतं. गुऱ्हाळात काहील रटरटत असते आणि चुलवाणात जळण सारणारा माणूस दिवसभर त्या आचेपुढं असतो. तरी त्याच्या अंगाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस रक्ताची उष्णता सतत जोखतो, वाढली की त्वचेकडं जास्त रक्त धाडतो, घाम सोडतो. एक लिटर घाम अंगावर वाळला की साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तरच, हे महत्त्वाचं. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की घाम नुसता निथळतो, अंग गार होत नाही. तेव्हा सावली आणि वारा हवाच.

घामाच्या धारा लागल्या असताना तांब्यामागून तांब्या नुसतं पाणी पिणं ही नेहमीची चूक. घामातून मीठही जातं. मिठातलं सोडियम रक्तात लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. ते पातळ झालं की डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायलाही लागतो. मीठ घातलेलं ताक, आंबील, वेळेवर भाकरी-आमटी, एवढ्यानं भागतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

जुलाबात ओआरएसची चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण औषध हातात असून वाया जातं. एक लिटरचं पाकीट फोडायचं, निम्मी पूड पेल्यात टाकायची, बाकीची घडी घालून फळीवर ठेवायची, असं घरोघरी चालतं. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागं पाणी जातं. प्रमाण बिघडून मिश्रण दाट झालं की उलटं होतं : पाणी रक्तातून आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. कोल्ड्रिंकमध्ये साखर फार, मीठ जवळजवळ नाही; ते चालत नाही.

तापाची गोळी उन्हावर देऊ नका. तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर चढवतो, पॅरासिटामॉल ती खाली आणतं. उष्माघातात पातळी जागच्या जागी असते, अंगाला उष्णता बाहेर टाकणं झेपत नसतं, त्यामुळं गोळी काही करत नाही. ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर घाम असला तरी उष्माघातच समजा. १०८ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

साध्या तापात हुडहुडी भरली की पांघरूण घाला. ती थांबली की गोधडी काढाच.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर निरंकार उपवास धरणं टाळा. हात थरथरून दरदरून घाम फुटला, रक्तातली साखर ७०च्या (मिलिग्रॅम/डेसिलिटर) खाली असली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तरी ७०च्या खालीच असेल तर तेवढीच साखर परत द्या, आणि सावरल्यावर पोटभर जेवायला घाला.