गाडीच्या टपावरचा गरम पाण्याचा शॉवर

११० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप सहा फूट घ्या. त्यात १५ लिटर पाणी मावतं, म्हणजे कॅरियरवर नुसत्या पाण्याचंच १५ किलो वजन. क्लॅम्प कोल्हापूरच्या उद्यमनगरातून वाकवून घ्या, दोन पुरत नाहीत, तीन लावा.

मागच्या टोकाला एंड कॅप, तिच्या तळाशी अर्धा इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे नळ. पुढच्या टोकाला वर तोंड केलेला एल्बो (काटकोनी जोड) आणि आट्यांचं झाकण. पाइप नळाकडे इंचभर उतरता ठेवा. सांध्यांना लावलेलं सॉल्व्हेंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचं) चोवीस तास वाळू द्या. घाई केली की सांधा पहिल्याच खड्ड्यात पाझरतो. पाणी उन्हाने तापावं म्हणून पाइपला काळा मॅट रंग द्या, पण पॉलिशपेपरने घासून मगच, नाहीतर पापुद्रे सुटतात.

झाकणाला ३ मिमीचं भोक हवंच. हवा आत गेली नाही तर धार अडखळते. गाडी चालू असताना त्यात स्क्रू बसवा. पंपाने हवा मात्र भरू नका, पीव्हीसी फुटला तर तुकडे उडतात.

पावसाळ्यात गगनबावड्याला ऊन कुठलं! तेव्हा आधी १० लिटर गार पाणी, मग ३ लिटर उकळतं: साधारण ४० अंश. उलट क्रमाने ओतलं तर पाइप मऊ पडून वाकतो.