हॉर्सरॅडिश लावायचं तर आधी मुळाकडे बघा

हॉर्सरॅडिश, म्हणजे किसून खायच्या झणझणीत मुळासाठी लावतात ते झाड, उगवलंच नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे अजून कोणी आलेलं नाही. तक्रारी येतात त्या दोनच. एक, मूळ निघालं पण बोटाएवढं बारीक आणि चारी बाजूंनी फाटे फुटलेलं. दुसरी, कोपऱ्यात लावलं होतं, आता वाफाभर झालंय. म्हणून खतपाण्याचं मी थोडक्यात उरकतो आणि मुळाबद्दलच जास्त बोलतो.

झाड मोहरी, कोबी, मुळा यांच्या कुळातलं आणि बहुवार्षिक. हिवाळ्यात पानं मरतात, मूळ जमिनीत जिवंत राहतं, वसंतात पुन्हा फुटतं. त्याला थंडी हवीच. हिवाळा जिथे नावापुरताच असतो तिथे पानं मिळतील, चांगल्या मुळाची आशा फारशी ठेवू नये. जागा उन्हाची निवडा. अर्धवट सावलीत झाड जगतं, पण मूळ पोसत नाही.

बी क्वचितच धरतं, त्यामुळे लागवड मुळांच्या तुकड्यांनीच करायची. मुख्य मुळाला जी बाजूची मुळं फुटतात, त्यातली पेन्सिलीएवढी जाड आणि सरळ तेवढी घ्या. लांबी 20 ते 30 सेंटीमीटर. कापताना एक शिस्त पाळा: वरचं टोक, म्हणजे जे मुख्य मुळाला जोडलेलं होतं ते, आडवं सरळ कापायचं आणि खालचं तिरकं. तुकडे एकदा मिसळले की वर कुठलं आणि खाली कुठलं ते डोळ्यांना कळत नाही. या कापांमुळे अंधारातही बोटांनी कळतं.

माती निदान 30–40 सेंटीमीटर खोल खणून भुसभुशीत करा आणि खडे वेचून काढा. खड्यापाशी मूळ दुभंगतं. कंपोस्ट घाला, शेणखत घातलंत तर ते पुरतं कुजलेलं हवं. ताज्या शेणखताने मुळाला फाटे फुटतात आणि नत्र जास्त झालं की सगळा जोर पानांत जातो. पानं बघून लोक खूश होतात, खणल्यावर तोंडं उतरतात.

वसंताच्या सुरुवातीला जमीन खणण्याजोगी झाली की लावा. तुकडा उभा खुपसू नका, साधारण 45 अंशांत तिरका ठेवा, सरळ कापलेलं टोक वर आणि त्याच्यावर 5–7 सेंटीमीटर माती. दोन झाडांत 45 ते 60 सेंटीमीटर अंतर. सगळ्यांची डोकी एकाच दिशेला करा, पुढच्या कामाला सोपं जातं. आणि घरासाठी दोन झाडं रग्गड होतात. हौसेने ओळ लावणाऱ्यांना पुढे मुळं वाटत फिरावं लागतं.

पसरण्याची धास्ती असेल तर 40–50 सेंटीमीटर खोलीच्या कुंडीत किंवा पिंपात लावा. मात्र कुंडी विटांवर उचलून ठेवा. थेट मातीवर ठेवलीत तर तळाच्या भोकातून मूळ खाली उतरतं आणि मग कुंडीचा काही उपयोग राहत नाही.

पाणी सारखं पण बेताचं. ओढ बसली तर मूळ दोरकट होतं, पाणी साचलं तर कुजतं. आच्छादन घाला म्हणजे तणही आवरतं.

आता खरं काम. मोठी पानं वीतभर झाली की बहुतेक लोक झाड विसरून जातात, आणि सरळ, जाड मूळ मिळतं ते नेमकं याच वेळी केलेल्या उठाठेवीमुळे. ढगाळ दिवशी किंवा उन्हं कलल्यावर बसा. मुळाच्या वरच्या भागाभोवतीची माती हातानेच बाजूला करा, खुरपं नको. डोक्यावर चार-पाच कोंब दिसतील. त्यातला एक जोमदार ठेवायचा, फार तर दोन, बाकीचे मोडून टाकायचे. मग डोकं हलकेच उचलायचं. खालचं टोक मात्र जमिनीत घट्ट राहिलं पाहिजे, कारण अन्नपाणी तिथूनच येतं. मधल्या उघड्या भागावर पांढरी केसासारखी आणि दोऱ्याएवढी मुळं असतात. ती गोणपाटाच्या तुकड्याने चोळून काढा, मूळ गुळगुळीत लागेपर्यंत. पुन्हा माती ओढा, पाणी द्या. पानं संध्याकाळभर मलूल दिसतील, घाबरू नका. साधारण दीड महिन्याने हेच आणखी एकदा करा. नाही केलंत तरी मूळ मिळेल, फक्त ते सोलताना वैताग येईल.

पानांना बारीक भोकं पडली तर ते पिसू भुंगेरे, मोठी भोकं असतील तर कोबीवरच्या अळ्या. अळ्या वेचून टाका. मुळासाठी लावलंय, पानं थोडी कुरतडली गेली तर मी मनावर घेत नाही.

काढायची घाई नको. मूळ पोसतं ते उन्हाळा सरताना आणि शरदात. कडक थंडीने पानं मेली की खणा. झाडापासून फूटभर लांब, एका बाजूने खोल चर घ्या आणि मूळ त्या बाजूला ओढून काढा. ओढून तोडलंत तर राहिलेला प्रत्येक तुकडा पुढच्या वसंतात डोकं वर काढणार. नांगरटीचं यंत्र तर या वाफ्यात फिरवूच नये, एकाची पन्नास झाडं होतील. मुळांचे तुकडे कंपोस्टमध्येही टाकायचे नाहीत. पानं-मुळं जनावरांपुढे टाकू नका, त्यांना ती विषारी ठरतात. आणि दरवर्षी सगळं खणून नव्याने लावा, जुनी मुळं लाकडासारखी होतात.

जाड मुळं पिशवीत घालून फ्रीजमध्ये किंवा ओलसर वाळूत, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. उजेडात ती हिरवट होतात. पेन्सिलीएवढी मुळं तेव्हाच कापून, जुडी बांधून, त्याच वाळूत पुढच्या लागवडीसाठी.

अख्ख्या मुळाला वास जवळजवळ नसतो. किसलं की पेशी फुटतात, मायरोसिनेज नावाचं विकर मुळातल्याच सिनिग्रिन नावाच्या द्रव्याला भिडतं आणि नाका-डोळ्यांतून पाणी काढणारं तेल तयार होतं. व्हिनेगर ही क्रिया थांबवतं. सौम्य हवं असेल तर किसल्याबरोबर घाला, झणझणीत हवं असेल तर तीनेक मिनिटं थांबून. फार थांबलात तर झणका उडून जातो. (जपानी जेवणातली तिखट वसाबी म्हणून विकली जाणारी बहुतेक हिरवी पेस्ट हीच, रंग घातलेली.) खिडकी उघडी ठेवा आणि मिक्सरचं झाकण काढताना तोंड लांब ठेवा. बरणी फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते, मग कीस तपकिरी आणि कडवट होतो, म्हणून एका वेळी लागेल तेवढंच किसा.