मातीशिवाय टोमॅटो: कोकोपीट धुण्यापासून पुढचं सगळं

गच्चीवर भाजी लावायची म्हटलं की पहिला प्रश्न वजनाचा. ओली माती लिटरमागे दीड किलोच्या पुढे जाते. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), भाताच्या तुसाचा कोळसा आणि गांडूळखताचं ओलं मिश्रण त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतं. स्लॅबलाही बरं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनाही.

मात्र माती काढली की ती मुकाट्याने करत होती ती कामं आपल्या अंगावर येतात: क्षार सांभाळणं, अन्नद्रव्यं धरून ठेवणं, रोग पसरवणाऱ्या बुरश्यांना आवर घालणं. यातलं शेवटचं लोक हमखास विसरतात. धुतलेलं कोकोपीट म्हणजे जवळजवळ रिकामं घर. आधी शिरेल त्याचं बस्तान. पिथियम हा बुरशीसारखा रोगजंतू आधी शिरला तर रोपं बुडातून कुजून आडवी होतात. म्हणून उपयोगी बुरशी आणि जिवाणू आपण आधी वसवायचे.

पुढचं प्रमाण पाच किलोच्या एका कोकोपीट विटेचं आहे. त्यातून १५ लिटरच्या आठ-नऊ पिशव्या भरतात.

१. कोकोपीट धुवा, आणि नीट धुवा

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. नारळ किनाऱ्यावरचा, आणि काही ठिकाणी सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली. त्यामुळे भुशात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. मोठ्या टबात २५-३० लिटर पाण्यात वीट फुगवा. फुगून ती साधारण ६५-७० लिटर होते. मग गोणपाटात घालून पाणी निथळवा. असं दोन-तीनदा करा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर निथळणाऱ्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुवत राहा.

साध्या पाण्याने सुटे क्षार जातात, भुशाला चिकटलेले जात नाहीत. त्यासाठी २५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात कोकोपीट रात्रभर ठेवा. कॅल्शियम आत शिरतं आणि सोडियम-पोटॅशियमला बाहेर ढकलतं. सकाळी एकदा धुतलं की झालं. हे टाळलं तर रोपाला दिलेलं कॅल्शियम भुसाच गिळतो आणि टोमॅटोची बुडं काळी पडतात. मग आपण कीडनाशक शोधत फिरतो.

२. खतात ट्रायकोडर्मा मुरवा

हे काम धुण्याच्या आठवडाभर आधीच सुरू करावं. २५ किलो गांडूळखत, अडीच किलो निंबोळी पेंड आणि २५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरश्यांना रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर एकत्र करा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतपत ओल ठेवा. ढीग सावलीत, वर ओलं गोणपाट. दोन-तीन दिवसांनी एकदा खालीवर करा. सात ते दहा दिवसांत पांढरी लव येते, मग ती हिरवी पडते. ती दिसली की खत तयार. नुसती पावडर कोकोपीटवर भुरभुरली तर बुरशीला खायला फारसं काही मिळत नाही.

पाकिटावरची तारीख बघूनच घ्या आणि दुकानात ते उन्हात ठेवलेलं असेल तर घेऊ नका. कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा आणि कृषी विज्ञान केंद्रं अशी उत्पादनं विकतात. शक्यतो तिथूनच आणावं.

३. मिश्रण

मापाने निम्मं कोकोपीट, तीस टक्के मुरवलेलं खत, वीस टक्के तुसाचा कोळसा. कोळसा काळाच हवा. भट्टीतली करडी राख चालत नाही. ती फार विम्ल (अल्कधर्मी) असते आणि बारीक असल्याने हवेची वाट बंद करते. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना चिपाड फुकट मिळतं, पण ताजं वापरू नका. ते कुजताना रोपाच्या तोंडचं नत्र पळवतं. चार-पाच महिने कुजवून मगच घ्या.

४. लागवड

पंचवीस-तीस दिवसांची रोपं घ्या. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम स्युडोमोनास (उपयोगी जिवाणूंची पावडर) कालवून मुळं त्यात अर्धा तास बुडवा. नळाचं पाणी असेल तर ते आदल्या रात्री उघडं ठेवलेलं असावं, क्लोरीन निघून जातो. खड्ड्यात चमचाभर मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी) टाका, तो मुळांना टेकला पाहिजे. वरवर पसरून उपयोग नाही. पालक, बीट, मुळा, कोबी, फ्लॉवर यांच्या मुळांशी मायकोरायझाचं जमतच नाही, तिथे पैसे घालवू नका.

जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) का नाही, असं कोणीतरी विचारणारच. शेतात त्याची जागा वेगळी. पिशवीत मात्र गूळ-बेसनाने वास आणि चिलटं येतात. शिवाय जे कच्चं खायचं त्यावर शेणाचं पाणी मला पटत नाही.

५. पाणी आणि खत

कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं. बोट दोन पेरं आत घाला किंवा पिशवी एका बाजूने उचलून वजन बघा, मग पाणी द्या. खालून थोडं पाणी निथळलं पाहिजे, नाहीतर क्षार साचतात.

गांडूळखत पहिले दोन आठवडे पुरतं. पुढे आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, फुलं लागल्यावर १३:०:४५ (नत्र आणि पालाशाचं) त्याच प्रमाणात. कॅल्शियम नायट्रेटही तितकंच, पण वेगळ्या दिवशी. १९:१९:१९ मधल्या स्फुरदाबरोबर मिसळलं की खाली चोथा बसतो. एवढ्या मात्रेने जिवाणू मरत नाहीत. स्फुरदाचा मारा केला तर मायकोरायझा मात्र मागे सरतो. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक ओतलंत तर ट्रायकोडर्माही त्यातच जाईल.

खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. बोअरच्या जड पाण्यात हे फार होतं. तिथे चिलेटेड (पानाला सहज घेता येईल अशा रूपातल्या) लोहाची फवारणी करा.

६. हंगाम संपल्यावर

मिश्रण फेकू नका. जाड मुळं काढा, ओलं करा आणि एप्रिल-मेच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे ठेवा. काळं प्लास्टिक तितकं तापवत नाही. या तापण्यात आपले जिवाणूही बरेचसे जातात, म्हणून मुरवलेलं खत पुन्हा घाला. त्या पिशवीत लगेच टोमॅटो, वांगं, मिरची लावू नका. चवळी किंवा घेवडा लावा, बियांना रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) चोळून.