डेटाने भरलेल्या सॉफ्टवेअरची डिझाईन सिस्टीम : या चुका टाळा

अमळनेरकडच्या एका जिनिंगसाठी आम्ही कापसाच्या आवक-विक्रीचं सॉफ्टवेअर करत होतो. डिझाईन सिस्टीम म्हणजे सगळ्या पडद्यांवर वापरायच्या घटकांचा आणि नियमांचा एकच संच. तिचे पहिले दोन महिने बटणं, कार्डं आणि आयकॉन ठरवण्यात गेले. पहिल्यांदा दाखवायला नेलं, तेव्हा मुनीमजींनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "भाऊ, रविवारना भाव शून्य कसा शे?" रविवारी बाजार बंद होता. भावच नव्हता, आणि आमच्या तक्त्याने तिथे ० छापला होता. शेजारच्या आलेखाची रेष त्या दिवशी थेट तळाला जाऊन परत वर आली होती.

बटणापासून सुरुवात करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मुनीम दिवसभरात बटण मोजकंच दाबतो, आकडे मात्र सतत वाचतो. म्हणून पहिला घटक घडवायचा तो तक्त्यातली एक चौकट. तिच्या अवस्था आधी लिहून काढा : खरोखर शून्य, बाजार बंद, माहिती अजून यायची आहे, माहिती आणताना अडचण आली, आणि ही माहिती बघायची परवानगी नाही. पाचही वेगळ्या दिसल्या पाहिजेत. आलेखात माहिती नसेल तिथे रेष तोडा. ती शून्यावर उतरवू नका, अंदाजाने जोडूही नका.

एकक गृहीत धरणं. कापूस क्विंटलवर घेतला जातो, सरकी काढलेल्या कापसाचा, म्हणजे रुईचा, भाव खंडीवर म्हणजे सुमारे ३५६ किलोवर बोलला जातो, गाठ साधारण १७० किलोची भरते. एकाच पडद्यावर ७,२०० आणि ५५,००० शेजारी आले तर तुलना फसते. आकडा दाखवणाऱ्या घटकाला एकक सक्तीचं करा. एकक दिलं नाही तर तो घटक चाललाच नाही पाहिजे. इथे सवलत देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आकड्यांच्या मांडणीतही दोन खोड्या असतात. हजारांनंतर लाख-कोटींप्रमाणे स्वल्पविराम पडतो का, ते तपासा : १,२५,००० हवं, १२५,००० नको. दुसरी, ब्राउझरला आकडे मराठी पद्धतीने मांडायला सांगितलं की ते आपोआप देवनागरी होतात. वजनकाट्याच्या डिस्प्लेवर इंग्रजी आकडे असतील तर पावती ताडून बघणाऱ्याची नजर अडखळते. अशा वेळी भाषा मराठी ठेवून अंकलिपी वेगळी निवडता येते. आकडे उजवीकडे टेकवा आणि समान रुंदीचे अंक लावा, नाहीतर एकक-दशक एकाखाली एक येत नाहीत.

नाव शेवटून कापणं. आपल्याकडे यादीत आडनाव आधी लिहितात. अरुंद रकान्यात 'पाटील रा…' अशा सहा ओळी दिसल्या की कोणाचा कापूस ते कळत नाही. नाव दोन ओळींत जाऊ द्या किंवा गाव सोबत दाखवा. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतली असेल तर उकार, मात्रा आणि वेलांट्या कापल्या जातात. 'कुऱ्हे', 'धुळे', 'र्‍हस्व' असे शब्द टाकून बघा, लगेच दिसेल.

फिका करडा रंग. वातानुकूलित खोलीत तो छान दिसतो. एप्रिल-मेच्या उन्हात काट्याजवळ मोबाईल धरला की मजकूर गायब. पांढऱ्यावर #९९९९९९ या करड्याचं कॉन्ट्रास्टचं, म्हणजे उजळ-गडद फरकाचं, गुणोत्तर २.८५ : १ भरतं, लहान मजकुरासाठी किमान ४.५ : १ लागतं. #७६७६७६ तिथे जेमतेम पोहोचतो, त्याहून गडद घ्या.

रंगांना 'लाल', 'हिरवा' अशी नावं देऊ नका. घसरलेला भाव, चुकलेली नोंद आणि आलेखातला तिसरा व्यापारी या तिघांना तोच लाल लागला, तर पुढे एक बदलताना तिन्ही बदलतात. नाव कामावरून द्या. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारेही बरेच असतात, म्हणून रंगाच्या जोडीला बाण किंवा चिन्ह हवंच.

मोकळी जागा फार सोडली, तर छोट्या लॅपटॉपवर आठच ओळी मावतात. दाट आणि सैल असे दोन पर्याय ठेवा, आणि निवड लक्षात ठेवा.

हे सगळं तपासायला नमुन्याची नीटनेटकी माहिती वापरू नका. हंगामातल्या गर्दीच्या आठवड्याची खरी वही मागून घ्या, नावं बदला, आणि तीच प्रत्येक घटकात ओता. आमच्या उरलेल्या चुका त्या वहीच्या पहिल्या तीन पानांतच सापडल्या.