विहिरीत सापडलेला स्फटिक नेमका कोणता? घरच्या वजनकाट्यापासून एक्सआरडीपर्यंत

खटावकडं आमच्या दाजींनी विहीर पाडायला घेतली, तिसऱ्या सुरुंगाला काळ्या पाषाणात एक पोकळी फुटली आणि आत पांढरट-गुलाबी पाकळ्यांचे गुच्छ. दाजींचा फोन, "आरं ये लवकर, हिरा घावलाय." हिरा नव्हता हे उघडच होतं, पण मग काय होतं हे ठरवायला मला दोन महिने लागले. तुम्हाला एवढे लागू नयेत म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, सगळा तुकडा टेस्टला द्यायचा नाही. अर्धा तसाच कापसात ठेवा, सोबत चिठ्ठी: गाव, किती फुटांवर, कुठल्या थरात, तारीख. चिठ्ठी नसलेला दगड म्हणजे नुसती गारगोटी.

मग घरचं काम. चाकूनं ओरखडा उठतो का बघा, काचेवर स्वतः ओरखडा पाडत असेल तर बहुतेक क्वार्ट्झ. पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर कॅल्साइट, विषय संपला. सगळ्यात कामाची टेस्ट घनतेची आणि ती फुकट होते. सोनारासारखा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, दगड कोरडा तोला, मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा, तळाला किंवा कडेला लागता कामा नये, बुडबुडा चिकटला असेल तर काडीनं काढा. जो आकडा दिसेल तेवढं पाणी दगडानं सारलं. आमचा तुकडा कोरडा ८.६४ ग्रॅम, पाण्यात आकडा ३.९६, भागाकार २.१८. क्वार्ट्झ २.६५ असतं, कॅल्साइट २.७१, म्हणजे दोन्ही बाद. एवढं हलकं म्हणजे आत पाणी असलेलं काहीतरी, आपल्या बेसाल्टात बहुधा झिओलाइट (आतल्या पोकळ्यांत पाणी धरून ठेवणारी अॅल्युमिनियम-सिलिकॉनची खनिजं).

आता मशीन. जवळच्या कॉलेजात, विद्यापीठात विचारा, नाहीतर आयआयटी बॉम्बेचं सैफ (बाहेरच्यांनाही मशीन वापरू देणारं केंद्र) आहे, आय-स्टेम पोर्टलवर कुठं कुठलं मशीन आहे ते दिसतं. पावडर एक्सआरडीला, म्हणजे पुडीवर एक्स-रे टाकून अणूंची मांडणी बघायच्या टेस्टला, अगेटच्या खलात मैद्यासारखी पूड करायची. तांब्याची ट्यूब असेल तर एक्स-रेची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, तिला दोन गुणिले साइन थीटानं भागलं की अणूंच्या थरांमधलं अंतर मिळतं (थीटा म्हणजे एक्स-रे थराशी करतो तो कोन). ग्राफवर टू-थीटा असतो, तो आधी निम्मा करा, इथं सगळेच एकदा चुकतात.

माझी चूक वेगळीच होती. पूड मी होल्डरमध्ये वरून दाबून भरली, पाकळ्यांचे कण सगळे आडवे झोपले आणि ९.७ अंशाला ताडासारखा एकच पीक (ग्राफवरचं शिखर), बाकी सगळं गवत. डेटाबेसशी काही जुळेना. परत बारीक दळून होल्डरमध्ये बाजूनं भरली तेव्हा कुठं माणसात आली. क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस फुकट आहे, त्यात जुळवा, पण एकदोन पीक जुळले म्हणून नाचू नका.

रचना कळली म्हणून रसायन कळत नाही आणि उलटंही तसंच. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हान्साइट आणि पेंटागोनाइट घ्या, दोन्हीत कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका, पाणी अगदी त्याच प्रमाणात, फक्त आतली जुळणी वेगळी. नुसतं ईडीएस (इलेक्ट्रॉनचा झोत टाकून कुठली मूलद्रव्यं किती ते सांगणारी टेस्ट) करून बसलात तर दोन्हीचं उत्तर एकच येणार.

ईडीएसला हायड्रोजन दिसतच नाही, म्हणजे पाणी गायब, आणि सॉफ्टवेअर उरलेलं ओढूनताणून १०० टक्के करून देतं! म्हणून ऑपरेटरला सांगून नॉर्मलाइज न केलेले आकडे मागा. मायक्रोप्रोबवर (हेच काम जास्त नेमकं करणारं मशीन) ऑक्साइडची बेरीज ८२ टक्क्यांच्या आसपास आली तर घाबरू नका, उरलेलं पाणी, ते टीजीएवर (तापवत तापवत वजन किती घटतं ते बघणारं मशीन) तापवून मोजायचं. बीम मात्र पसरट ठेवायला सांगा, झिओलाइट जळतं आणि सोडियम पळतो. शेवटी मोलमध्ये ताळा करा: अॅल्युमिनियम साधारण सोडियम + पोटॅशियम + दुप्पट कॅल्शियम इतकं यायला हवं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे कुठंतरी गडबड.

एवढं करूनही डेटाबेसमध्ये काहीच जुळत नसेल तरच सिंगल क्रिस्टल, म्हणजे पूड न करता एकाच अख्ख्या दाण्यावर एक्स-रे. ०.१-०.२ मिलिमीटरचा स्वच्छ दाणा, पोलराइज्ड प्रकाशात फिरवल्यावर एकदमच काळा पडणारा, अर्धाच पडला तर जुळा आहे (दोन स्फटिक एकमेकांना चिकटून वाढलेले), टाकून द्या. रचना सोडवल्यावरही अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन एक्स-रेला जवळपास सारखेच दिसतात (१३ आणि १४ इलेक्ट्रॉन), त्यामुळे ऑक्सिजनपर्यंतचं अंतर बघायचं: १.६१ अँगस्ट्रॉम म्हणजे सिलिकॉन, १.७४ म्हणजे अॅल्युमिनियम, मधलं काही आलं तर दोघं मिसळून बसलेत.

आणि खरंच नवीन निघालं तर आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाकडं आधी प्रस्ताव, मंजुरीनंतरच नाव छापायचं, नमुना म्युझियमला द्यायचा. आमचं निघालं स्टिल्बाइट, झिओलाइटातलंच एक, महाराष्ट्रभर मिळतं ते. दाजींनी तोवर वस्तीवर सगळ्यांना 'खटावाइट' सांगून ठेवलं होतं, अजून तेच म्हणतात.