वर्गात ताजी हवा आणायची पण लाईट बिल वाढू द्यायचं नाही, ते कसं?

आमच्या शाळेमागं पॉवरलूम आहेत, दिवसभर खटखट, म्हणून त्या बाजूच्या खिडक्या वर्षानुवर्षं बंदच. मग एक पोरगं तापानं फणफणलं की आठवड्यात निम्मी बाकं रिकामी. गोवर, टीबी, फ्लू, कोरोना सगळं हवेतनं पसरतं आणि सिलिंग फॅन ती हवा बाहेर काढत नाही, नुसती घुसळतो. पण मीटिंगमध्ये एक्झॉस्टचं (आतली हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं) नाव काढलं की पहिला प्रश्न, बिल कोण भरणार? म्हणून मी हिशोबच मांडला.

आधी फुकटचं करून घ्या. वरची व्हेंटिलेटरं बघा, आमच्याकडं एकाला पुठ्ठा ठोकलेला निघाला आणि त्यामागं पारव्याचं घरटं. साफ करून जाळी मारली. थंडीतसुद्धा समोरासमोरच्या खिडक्या चार-चार बोटं उघड्या पाहिजेत. उदबत्ती खिडकीपाशी धरा, धूर वळून खोलीत शिरला किंवा बाहेर ओढला गेला तर ठीक, सरळ वर गेला तर हवा हलतच नाय.

आता हिशोब. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणतं माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा. ४५ पोरं म्हणजे तासाला साधारण १६०० घनमीटर. १२ इंची एक्झॉस्ट १००० च्या आसपास काढतो (बॉक्सवर बघून घ्या), म्हणजे दोन लागतात. ५० वॅटचे दोन, सहा तास, दिवसाला ०.६ युनिट. आणि जुने चार सिलिंग फॅन ७५ वॅटचे, ते सहा तासात १.८ युनिट खातात! ते काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे) लावले तर ०.७२. एक्झॉस्ट धरूनही १.३२ होतात, म्हणजे बिल उलट कमी. सगळे एकदम बदलायला पैसे नसतील तर सगळ्यात गच्च भरलेल्या वर्गापासून सुरुवात करा.

बसवताना एक चूक सगळे करतात, एक्झॉस्टच्या शेजारची खिडकी उघडी ठेवतात, मग तीच हवा आत येऊन लगेच बाहेर जाते आणि मागची बाकं तशीच कोंडलेली. हवा समोरच्या भिंतीतनं आली पाहिजे.

एसीचं विचाराल तर नको. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, आणि बाहेर ४० असताना ४० पोरांपुरती ताजी हवा २६ वर आणायची तर जवळजवळ दोन टन जादा कूलिंग, तासाला दोनपेक्षा जास्त युनिट. सोलापूरच्या कोरड्या उन्हाला कूलर बेस्ट, पण खिडकीत, पाठ बाहेर करून, आणि समोरची खिडकी उघडी. फक्त पाण्याचं बघा, नळाला रोज येत नाही हे काय सांगायला नको. सकाळच्या शाळेत तर एवढंही लागत नाही, साडेसहालाच एक्झॉस्ट चालू केला की स्लॅबखाली साठलेली गरम हवा निघून जाते.

शाळेला मिळून एक सीओटू मीटर घ्या, म्हणजे श्वासातनं बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेत किती साठला ते मोजणारा. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) दाखवतो, वर्गात ८०० पर्यंत चांगलं, १५०० च्या वर गेलं की हवा कोंडली समजा. एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशानं मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या, सॅनिटायझर जवळ नेल्यावर आकडा उडाला तर तो डुप्लिकेट.

आणि महिन्यातनं एकदा पाती पुसा. लूमची तुसं चिकटून आमचा एक एक्झॉस्ट तीन महिन्यांत घरघरायला लागला होता, शिपाई मामांनी ओल्या फडक्यानं पुसला तर लई कापूस निघाला.