दोन कॅटॅलिस्ट, एक पॉलिइथिलीन: या चुका टाळा

गोव्यात इथिलीन, म्हणजे पॉलिइथिलीन प्लास्टिक ज्यापासून बनतं तो वायू, तयार होत नाही. वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत प्लास्टिकचा दाणा बाहेरूनच येतो. तरी एम.एस्सी.च्या प्रकल्पात किंवा पुढे बाहेरच्या प्लांटमध्ये गेल्यावर इथल्या पोरांच्या वाट्याला हे काम येतंच: झिग्लर-नाटा आणि मेटॅलोसीन हे दोन कॅटॅलिस्ट (इथिलीनच्या साखळ्या जोडणारे उत्प्रेरक) एकाच रिअॅक्टरमध्ये चालवायचे. लांब साखळ्यांनी ताकद येते, आखूड साखळ्यांमुळे माल मशीनवर सहज वाहतो. दोन्ही एकत्र हव्यात.

पहिली चूक तराजूवर होते. अर्धा-अर्धा मिसळला की पॉलिमरही अर्धा-अर्धा निघेल, असं धरून चालतात. समजा एक कॅटॅलिस्ट ग्रॅममागे 10 किलो पॉलिमर देतो आणि दुसरा 2 किलो. समान वजन घेतलं तर मालात पहिल्याचा वाटा 83 टक्के! शिवाय दोघेही सारख्या वेगाने थकत नाहीत, त्यामुळे 10 मिनिटांनी जे प्रमाण असतं ते तासाभराने राहत नाही. आधी दोघांना एकेकटं चालवा, इथिलीन किती खपतं त्याची वक्ररेषा काढा, मगच वजन ठरवा. हा कंटाळा बहुतेकांना महागात पडतो.

हायड्रोजनचंही तसंच. तो साखळीची वाढ थांबवतो, पण मेटॅलोसीनवर त्याचा परिणाम सहसा फार जास्त होतो. एमएफआय (वितळलेला माल ठरावीक वजनाखाली 10 मिनिटांत किती ग्रॅम वाहतो तो आकडा) जुळवायला तो वाढवत गेलात की एकाच बाजूच्या साखळ्या आखूड होत जातात. एमएफआयच्या एकट्या आकड्यावर तर विश्वासच ठेवू नका. 100 आणि 0.1 एमएफआयचे घटक निम्मे-निम्मे मिसळले तर उत्तर 50 येत नाही. लॉगच्या हिशोबाने 3 च्या आसपास येतं. 2.16 आणि 21.6 किलो अशी दोन्ही वजनं लावून गुणोत्तर पाहा. जीपीसी (साखळ्यांच्या लांबीची वाटणी दाखवणारी चाचणी) मिळत असेल तर उत्तमच.

अल्किल, म्हणजे कॅटॅलिस्टला जागं करणारं अॅल्युमिनियमचं संयुग, घालताना घाई नको. झिग्लर-नाटाला ट्रायइथिल अॅल्युमिनियम लागतं, पण तेच जास्त झालं की मेटॅलोसीन मंदावतं. मेटॅलोसीन अचानक गप्प झालं तर पहिला संशय इथेच घ्या. ट्रायआयसोब्युटिल त्यामानाने सौम्य. दोन्ही हवेत पेट घेतात आणि त्यावर पाणी मारणं म्हणजे आगीत तेल. कोरडी वाळू हाताशी ठेवा.

आणि आपला पावसाळा! जून ते चवथीपर्यंत हवाच ओली, आणि पाणी कॅटॅलिस्टला मारतं. पाण्याचा एक थेंब, 0.05 मिलीलीटर, म्हणजे जवळपास 2,800 मायक्रोमोल. छोट्या प्रयोगात कॅटॅलिस्टचा धातू असतो 10 मायक्रोमोलच्या घरात. काचसामान रात्रभर 120 अंशांवर ठेवा, गरम असतानाच नायट्रोजनखाली जोडा. मॉलिक्युलर सीव्ह (ओलावा शोषणारे दाणे) बाटली उघडून थेट वापरू नका, निर्वातात तापवून घ्या. एक रन जुळला आणि पुढचा फसला, तर रेसिपीला हात लावण्याआधी गॅसलाइन तपासा.

कोमोनोमरकडे (साखळीला फांद्या याव्यात म्हणून इथिलीनसोबत घालतात त्या ब्युटीन-हेक्झीनसारख्या रसायनाकडे) मात्र फारसं कुणी बघत नाही. साधा झिग्लर-नाटा ब्युटीन-हेक्झीन जास्त करून आखूड साखळ्यांत घालतो. पाइपला तडे जाऊ नयेत म्हणून फांद्या लांब साखळ्यांत हव्यात. स्फटिकांना एकमेकांशी बांधून ठेवतात त्या ह्या लांब साखळ्याच. म्हणून लांब साखळ्यांचं काम कोणत्या कॅटॅलिस्टकडे द्यायचं हे आधी ठरवा.

फिल्मवर मासळीच्या डोळ्यांसारखे ठिपके दिसले, तर बऱ्याचदा दोन कॅटॅलिस्ट वेगवेगळ्या पावडरी म्हणून घातलेले असतात. साखळ्या वेगळ्या कणांत वाढतात आणि घट्ट माल एक्सट्रूडरमध्ये पातळ मालात नीट मिसळत नाही. दोन्ही एकाच सिलिकावर बसवणं बरं. पण आधी ठिपका ओळखा: कापून गरम झायलीनमध्ये टाका, अर्थात धूर खेचणाऱ्या हूडखाली. सावकाश विरघळला तर न मिसळलेला माल. फुगून तसाच राहिला तर क्रॉसलिंक झालेला, म्हणजे साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या गेलेला माल आहे. मग कॅटॅलिस्टला दोष न देता डायच्या कोपऱ्यात अडकून जळणारा माल शोधा.